मोटारीची झूल



यंदा पोळ्याला मी तुळजापुरास माझ्या मामांच्या घरीं होतों. मामा आतां नाहींत. त्यांच्या घरामागील पडवींत त्यांची जुनी फिआट गाडी कित्येक वर्षांपासून ताडपत्रीखालीं उभी आहे. पोळ्याच्या दुपारीं माझ्या मामेभावानें ती ताडपत्री ओढून काढली आणि मला एक प्रश्न घातला.

ती गाडी दुरुस्त करून पुन्हां रस्त्यावर आणावी, असें त्याच्या मनांत आहे. त्यासाठीं सोलापुराहून एक जाणता कारागीर येऊन गाडी पाहून गेला. त्याचें म्हणणें असें पडलें कीं, कुर्ल्याच्या कारखान्यांतून गाडी जशी बाहेर पडली तशीच ती करावी. मागाहून जें जें लावलें असेल, तें तें सारें काढून टाकावें. आतां मामांनीं आपल्या हयातींत त्या गाडीला काय काय लावलें होतें, त्याची यादी लहान नाहीं. पुढील कांचेच्या वर टोपीच्या झांपेसारखी पत्र्याची पट्टी. चाकांवर चकचकीत थाळ्या. मडगार्डांवर दोन गोल आरसे. मागील खिडक्यांना झालरीचे पडदे. बंपरच्या वर आडवी जाड नळी, तिच्यावर पिवळ्या कांचेचे दोन मोठे दिवे. आणि आंत, पुढच्या आरशाखालीं टांगलेली पितळेची एक लहानशी घुंगुरमाळ.

मामेभाऊ म्हणाला, "दादा, तुम्ही मास्तर, तुम्हीच सांगा. ह्यातलं काय ठिवू आन् काय काढू? सगळं काढलं तर गाडी कंपनीची हुईल, पर आबांची ऱ्हाणार न्हाई."

मीं त्याला लगेच उत्तर दिलें नाहीं. प्रश्न दिसतो तितका सोपा नव्हता. आजचें भाषण म्हणजे त्याला द्यावयाचें उत्तरच होय. परंतु ज्यांच्या दारांत आज मोटार उभी आहे, अशा पुष्कळांना तें उपयोगी पडेल असें वाटतें, म्हणून सर्वांसमक्ष देत आहें.

मोटार जन्मास आली, तेव्हां हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. त्या काळीं एक कारखाना गाडीचा सांगाडा, चाकें आणि एंजिन तयार करी. वरचें शरीर दुसराच कारागीर मालकाच्या आवडीप्रमाणें घडवी. शिंप्यानें अंगाचें माप घेऊन अंगरखा शिवावा, तसाच हा प्रकार होता. ह्याचें एक उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाला अगदीं लागून आहे. ज्यांच्या नांवावरून धाराशिवास उस्मानाबाद हें नांव पडलें, त्या सातव्या निजामांचे वडील मीर महबूब अलीखान यांनीं १९११ सालीं विलायतेस एक रोल्स-रॉइस गाडी मागविली. लंडनच्या बार्कर नांवाच्या कारागिरांनीं तिच्यावर पिवळ्या रंगाचें शरीर चढविलें व मागें सिंहासनासारखी उंच बैठक बसविली. गाडी येण्यापूर्वींच, त्याच सालीं, महबूब अलीखान निवर्तले. ती गाडी आज हैदराबादेस चौमहल्ला राजवाड्यांत पाहावयास मिळते. अशा गाडीला वरून कांहीं लावण्याचें कारणच काय? ती मुळांतच मालकासाठीं घडलेली.

परंतु मोटार जेव्हां राजाच्या दारांतून निघून शेतकऱ्याच्या व दुकानदाराच्या दारांत आली, तेव्हां गोष्ट पालटली. १९०८ च्या ऑक्टोबर महिन्यांत अमेरिकेंत हेन्री फोर्ड यांच्या कंपनीनें 'मॉडेल टी' नांवाची गाडी विक्रीस काढली. तेव्हां तिची किंमत ८५० डॉलर होती. १९१३ सालीं त्यांनीं आपल्या हायलंड पार्क येथील कारखान्यांत सरकता पट्टा सुरू केला. कामगारानें गाडीकडे जावयाचें नाहीं, गाडीनेंच कामगारापुढून सरकत जावयाचें, अशी ती व्यवस्था. तिच्या योगानें ज्या सांगाड्याच्या जुळणीला पूर्वीं साडेबारा तास लागत, ती वर्षभरांत सुमारें दीड तासांत होऊं लागली. किंमत उतरत गेली. १९२५ सालीं सर्वांत साधी दोन माणसांची फोर्ड गाडी २६० डॉलरांस मिळत होती. १९२७ च्या मे महिन्यांत हा नमुना बंद झाला, तोंवर अशा दीड कोटी गाड्या बाहेर पडल्या होत्या.

ह्या स्वस्ताईचें मोल कोणत्या रूपानें द्यावें लागलें? तर सारखेपणाच्या. १९१४ पासून १९२५ पर्यंत ती गाडी केवळ काळ्या रंगांतच मिळे. तो रंग स्वस्त होता व टिकाऊ होता. पूर्वीं तिच्या रेडिएटरला पितळेची चकाकी तरी होती. १९१७ च्या नमुन्यापासून तीहि गेली व तेथें काळा पत्रा आला. गाडींत पेट्रोल किती उरलें तें दाखविणारें यंत्र नव्हतें. चालकाची बैठक उचलून, खालच्या टांकींत काठी बुडवून पाहावें लागे. पाणी किती तापलें, तें कळण्याची सोय नव्हती. पेट्रोल टांकींतून एंजिनाकडे केवळ आपल्या वजनानें उतरे. म्हणून टांकींत पेट्रोल थोडें असलें कीं, चढाच्या रस्त्यावर कित्येक चालक गाडी उलटी फिरवून मागल्या बाजूनें वर नेत असत.

म्हणजे लोकांच्या हातीं आली ती एक उत्तम, काटक, परंतु उघडीबोडकी गाडी. शेजाऱ्याच्या दारांतहि तीच, सावकाराच्या दारांतहि तीच. माणसाचा स्वभाव असा आहे कीं, वस्तु आपली आहे हें त्याला दिसावें लागतें. आणि येथूनच एक निराळा धंदा उभा राहिला. फोर्ड गाडीला वरून लावावयाच्या वस्तु विकणारीं शेंकडों दुकानें निघालीं. सिअर्स रोबक ह्या टपालानें माल पाठविणाऱ्या प्रसिद्ध पेढीच्या सूचीपत्रांत ह्या वस्तूंना मोठी जागा असे. निकेलचा मुलामा दिलेलें रेडिएटरचें वेष्टण, तारांचीं चाकें, फुलदाण्या, बैठकांच्या खोळी, रेडिएटरच्या झांकणावर बसवावयाचे पक्षी आणि पुतळे, नाना तऱ्हेचे हॉर्न, असें कितीतरी. हौस फारच असेल तर गाडीचें मूळचें शरीरच उतरवून शर्यतीच्या गाडीसारखें दिसणारें दोन बैठकांचें शरीर त्याच सांगाड्यावर चढवावें. तेंहि तयार विकत मिळे. कांहींजण पुढचा मुखवटा असा बदलीत कीं, साधी फोर्ड लांबून एखाद्या महाग गाडीसारखी दिसावी. अमेरिकन निबंधकार ई. बी. व्हाइट यांनीं १९३६ सालीं ह्या गाडीचा निरोप घेणारा एक सुंदर निबंध लिहिला. त्यांतहि गाडीबरोबर तिला लावलेल्या अशा लहानसहान वस्तूंची आठवण निघाल्यावांचून राहिलेली नाहीं.

आतां कोणी म्हणेल, हा सारा रिकाम्या हौसेचा खेळ झाला. पण थोडें थांबावें. ह्या वस्तूंत एक मोटोमीटर नांवाचें उपकरण होतें. तें १९१२ च्या सुमारास निघालें. रेडिएटरच्या झांकणावर, गाडीच्या अगदीं नाकावर, एक गोल चकती उभी राही व तिच्यांत उष्णतामापकाची लाल रेघ असे. आंतलें पाणी तापूं लागलें कीं रेघ वर चढे आणि चालकाला बैठकीवरून ती दिसे. दिसावयास तो गाडीचा मुगुट; कामाला पाहावें तर गाडीची नाडी. लोकांनीं तो शोभेसाठींहि घेतला व उपयोगासाठींहि घेतला. पुढें गाड्यांच्या डॅशबोर्डांतच उष्णता दाखविणारा कांटा आला आणि १९३० च्या आसपास हे मुगुट मावळले. म्हणजे जें काल वरून लावलेलें होतें, तें आज कारखान्याचें झालें.

आणि हें एकाच वस्तूचें झालें असें नाहीं. रंगाचेंहि तेंच. १९२३-२४ च्या सुमारास 'ड्यूको' नांवाचा लवकर वाळणारा रंग निघाला. जुनें वार्निश वाळावयास आठवडे लागत. हा रंग कांहीं तासांत वाळे. जनरल मोटर्स कंपनीनें तो उचलला आणि लोकांना निळ्या-हिरव्या गाड्या मिळूं लागल्या. तेव्हां फोर्ड कंपनीलाहि १९२६ च्या नमुन्यांत पुन्हां रंग आणावे लागले, रेडिएटरला निकेलची झळाळी द्यावी लागली व तारांचीं चाकें विकत घेण्याची सोय करावी लागली. ज्या वस्तु बाहेरचे दुकानदार इतकीं वर्षें विकत आले होते, त्याच ह्या! पुढें १९२७ सालीं जनरल मोटर्सनें गाडीच्या रूपाचा विचार करणारें एक स्वतंत्र खातेंच काढलें व त्यावर हार्ली अर्ल यांची नेमणूक केली. हे अर्ल पूर्वीं काय करीत? त्यांच्या वडिलांचा लॉस एंजेलिस येथें गाड्यांचीं शरीरें बांधण्याचा कारखाना होता आणि तेथें ते चित्रपटांतील नटांना त्यांच्या मर्जीप्रमाणें मोटारी सजवून देत असत. वरचा साज चढविणारा मनुष्यच कारखान्याच्या आंत जाऊन बसला.

तेव्हां 'कारखान्याचें तेवढें खरें, बाकीचें सारें उपरें' असें म्हणणाऱ्या कारागिराला माझें पहिलें उत्तर हें आहे. जें उपरें म्हणून आलें, त्यांतलें पुष्कळसें गाडीला पटलें व गाडीचेंच झालें.

आतां आपल्याकडे वळूं. ब्रिटिश साम्राज्याच्या बहुतेक मुलखांतील फोर्ड गाड्यांचा व्यापार कॅनडांतील फोर्ड कंपनीकडे होता. १९२६ सालीं तिनें हिंदुस्थानांत आपली शाखा काढली. १९२८ सालीं जनरल मोटर्सनें मुंबईस शिवडी येथें सुटे भाग जुळवून गाड्या तयार करण्यास आरंभ केला. परंतु गाडी येथेंच घडली पाहिजे, असा ध्यास घेणारा मनुष्य आमच्या शेजारच्या सोलापुरांत जन्मला होता. शेठ वालचंद हिराचंद हे ते गृहस्थ. जन्म १८८२ चा. १९४४ सालीं त्यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना कुर्ल्यास. आरंभीं अमेरिकन डॉज, प्लीमथ वगैरे गाड्या तेथें तयार होत. पुढें इटलीच्या फिआट कंपनीशीं करार झाला आणि १९५४ पासून फिआट ११०० हा नमुना सुरू झाला. वालचंदशेठ त्याच्या आदल्या वर्षींच वारले होते. १९६४ सालीं त्या गाडीनें जें रूप घेतलें, तेंच रूप थोड्याफार फरकानें, पुढें 'प्रीमियर पद्मिनी' ह्या नांवाखालीं, २००० सालच्या सुमारापर्यंत टिकून राहिलें.

फोर्डची ती काळी गाडी एकोणीस वर्षें चालली. आमची फिआट एका रूपांत पस्तिसांहून अधिक वर्षें चालली. परदेशची गाडी आणण्यास बंदी. देशांत निवड दोन-तीन गाड्यांतच. पैसे भरून वर्षानुवर्षें वाट पाहावयाची. आणि अखेर दारांत यावयाची ती शेजाऱ्यासारखीच गाडी. मग अमेरिकेंत जें झालें तेंच येथें झालें, ह्यांत नवल कोणतें? मुंबईंत व सोलापुरांतहि गाड्यांच्या साजाचीं दुकानें निघालीं. कोणी चाकांना थाळ्या लावल्या, कोणी रेक्झिनच्या नव्या बैठका शिवून घेतल्या, कोणी सुकाणूच्या दांडीवरील गिअर काढवून खालीं पायांजवळ बसवून घेतला. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींत तर छतापासून दारांपर्यंत फुलांचे कापड व रंगीत दिवे झळकूं लागले. त्या पद्मिनी टॅक्सीहि आतां गेल्या. त्यांतील शेवटची गाडी २००३ सालीं नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपतांच, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, त्या मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या निवृत्त झाल्या.

आमच्या मामांची फिआट ह्याच कुळांतली. त्यांनीं ती जुनी विकत घेतली होती व तुळजापूर-सोलापूर अशी देवीच्या यात्रेकरूंची ने-आण ते करीत. वर सांगितलेल्या यादींत एक वस्तु मात्र नाहीं. ती गाडीवर आज नाहीं, पण एके काळीं होती. त्या वस्तूची हकीगत सांगितल्याविना माझें उत्तर पुरें व्हावयाचें नाहीं.

तुळजापुरांतील एका तांबटाकडून मामांनीं पितळेच्या पत्र्यावर आई भवानीची मूर्ति ठोकवून घेतली होती. पत्रा चांगला मोठ्या परातीएवढा. तो त्यांनीं गाडीच्या पुढच्या जाळीवर, मधोमध, तारेनें घट्ट बांधला. दोन्ही बाजूंस प्लास्टिकच्या फुलांच्या माळा सोडल्या. गाडी येतांना दिसली कीं लोक हात जोडीत. मामांना त्याचा मोठा अभिमान होता आणि आम्हां मुलांना त्याहूनहि अधिक.

१९७४ चा वैशाख. मी तेव्हां बारा-तेरा वर्षांचा. आजीच्या डोळ्यांतील मोतीबिंदु सोलापुरास काढला होता आणि आम्ही तिला घरीं घेऊन येत होतों. त्या काळीं मोतीबिंदु काढल्यावर फार जपावें लागे. डोकें हलूं द्यावयाचें नाहीं, घाम डोळ्यांत जाऊं द्यावयाचा नाहीं, असें डॉक्टरांनीं बजावलें होतें. आजी मागें उशीला टेकून, डोळ्यांवर पट्टी बांधून बसली होती. भरदुपार. घाट लागला. गाडींत आम्ही पांचजण आणि वर बोचकीं. दुसऱ्या गिअरवर गाडी कण्हत चढूं लागली, आणि अर्ध्या घाटांत बॉनेटखालून वाफेचा लोट उठला.

मामांनीं गाडी कडेला घेतली. रेडिएटरला वारा मिळावयाचा तो पुढच्या जाळींतून. थंडीच्या दिवसांत पत्र्याच्या कडेनें येणारा वारा पुरत होता. वैशाखांत, ओझ्यासकट, चढावर तो पुरला नाहीं. झांकण लगेच उघडतां येत नव्हतें. उघडल्यास कढतें पाणी तोंडावर उडतें. जवळ पाणीहि एकच तांब्या. सावली नाहीं. आजीच्या कपाळावरून घाम निथळूं लागला आणि माझी आई पदरानें तो टिपूं लागली. मामा एकदां गाडीकडे पाहात, एकदां आजीकडे. त्यांच्या तोंडावरची ती कळा मीं पुन्हां कधीं पाहिली नाहीं.

तेवढ्यांत खालून घुंगरांचा आवाज आला. एक बैलगाडी सावकाश वर चढत होती. गाडीवानानें आम्हांला आपली पाण्याची घागर दिली. आजीनें आवाजावरून ओळखून विचारलें, "बैलं सजवल्यात का रं?" गाडीवान म्हणाला, "न्हाई आज्जे, नुसती घुंगुरमाळ हाय. रातीच्या वाटंला बरी असती, म्होरल्याला कळतं."

मग आजी मामांना म्हणाली, "लेकरा, माझं डोळं झाकल्यात ते औषधासाठी. बैलाला सजवावं, पर त्याचं डोळं झाकू न्हाईत, नाक झाकू न्हाई. तू तर ह्या मुक्या जनावराचं नाकच झाकलंस की रं. आई काय तुला म्हनली व्हती, मला हितं बांध म्हनून?"

मामा कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं पकड घेतली, तारा तोडल्या, पत्रा उतरविला, कपाळाला लावला आणि माझ्या मांडीवर दिला. तो इतका तापला होता कीं, मीं तो टॉवेलांत गुंडाळून धरला. गाडी निवाल्यावर पाणी भरलें व आम्ही घरीं आलों. आजीचा डोळा नीट राहिला. तो पत्रा त्या दिवसापासून मामांच्या देवघरांत आहे.

त्यानंतर कित्येक वर्षें शाळेंत मुलांना शिकवितांना आजीचें तें वाक्य मला आठवत आलें आहे. आमच्या मराठवाड्यांत पोळ्याच्या आदल्या दिवशीं खांदेमळणी असते. वर्षभर जूं वाहून दुखावलेल्या बैलाच्या खांद्यांना हळद आणि तूप किंवा लोणी लावून ते चोळतात. झूल, बाशिंग, गोंडे, शिंगांचा रंग हें सारें दुसऱ्या दिवशींचें. आधीं खांदेमळणी, मग झूल, असा आपल्या वाडवडिलांनीं क्रम लावून दिला आहे. शिवाय त्या साजांतलें पुष्कळसें कामाचेंहि असे. घुंगुरमाळ वाजली कीं अंधारांत पुढच्याला कळे. शिंगांच्या टोंकांस पितळेच्या शेंब्या बसविल्या कीं टोंकाची इजा टळे. बैलाच्या डोळ्यांवर, नाकावर किंवा पायांच्या हालचालीवर येईल असा साज मात्र मीं कधीं पाहिला नाहीं.

आज रस्त्यावर पाहावें तर काय दिसतें? कांचांना काळा कागद चिकटविलेला. म्हणजे डोळे झांकले. वास्तविक पुढच्या व मागच्या कांचेंतून निदान ७० टक्के व बाजूच्या कांचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे असा नियम आहे, आणि २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें वरून कागद चिकटविण्यास मनाई केली. पुढें पोलादाची जाड नळी लावलेली. आजच्या गाडीचा पुढचा भाग टक्कर झाल्यास स्वतः चुरडून आंतल्या माणसांस वांचविण्यासाठीं घडविलेला असतो व हवेच्या पिशव्या केव्हां फुगावयाच्या तें त्यावरून ठरतें. ती नळी हा सारा हिशेबच चुकविते. आणि जो पायीं जाणारा तिच्यापुढें सांपडेल, त्याची तर हाडेंच मोडते. म्हणून २०१७ च्या डिसेंबरांत केंद्र सरकारनें राज्यांना अशा नळ्यांविरुद्ध कारवाई करण्यास कळविलें. शिवाय डोळे दिपविणारे पांढरेशुभ्र दिवे, नाना सुरांचे कर्कश हॉर्न आणि आंकडे ओळखूं येणार नाहींत अशा नक्षीच्या नंबरपाट्या. १९८८ च्या मोटार कायद्याचें ५२ वें कलम गाडीच्या मूळ रचनेंत मनमानी फेरफार करूं देत नाहीं. पण मी कायद्याचा धाक दाखविण्यासाठीं हें सांगत नाहीं.

मला डोळ्यांसमोर दिसतो तो कोजागिरीच्या सुमाराचा सोलापूर-तुळजापूर रस्ता. त्या दिवसांत लाखों माणसें रात्रंदिवस पायीं तुळजापुराकडे जात असतात. त्यांत म्हातारीं असतात, कडेवर मुलें घेतलेल्या बाया असतात, थकून रस्त्याच्या कडेलाच आडवीं झालेलीं माणसें असतात. एरव्हींहि आमच्या भागांतील रस्त्यांवर रात्रीं माणूस पायीं असतोच. काळ्या कांचेच्या आंत बसून, डोळे दिपविणारे दिवे लावून जो त्या रस्त्यावरून जातो, त्याच्या गाडीच्या कांचेवर पुष्कळदां आई भवानीचेंच चित्र असतें. आजी आज असती, तर तिनें त्यालाहि तोच प्रश्न विचारला असता.

म्हणून माझ्या मामेभावाला माझें उत्तर असें आहे.

बाबा रे, पहिल्यानें खांदेमळणी कर. रेडिएटर आंतून धुऊन घे, ब्रेक उघडून पाहा, टायर नवे घाल, जुन्या तारा बदल. हें होईपर्यंत रंगाचें व थाळ्यांचें नांवहि काढूं नको. मग आबांची एकेक वस्तु हातांत घे आणि स्वतःला तीनच गोष्टी विचार. हिच्यामुळें चालकाला कमी दिसतें काय? हिच्यामुळें यंत्राला वारा, वीज किंवा हालचाल कमी मिळते काय? हिच्यामुळें रस्त्यावरच्या परक्या माणसाला इजा किंवा त्रास होईल काय? तिन्ही प्रश्नांचें उत्तर 'नाहीं' असें आलें, तर ती वस्तु निःशंकपणें ठेव. मग ती कुर्ल्याची असो कीं तुळजापुरची असो.

ह्या हिशेबानें चाकांच्या थाळ्या राहूं देत. त्या केवळ शोभेच्या आहेत, पण शोभा हा कांहीं गुन्हा नव्हे. कांचेवरची पट्टी राहूं दे; उतरत्या उन्हांत ती चालकाच्या डोळ्यांवर सावली धरते. मडगार्डांवरचे आरसे तर अवश्य ठेव. ते आबांचे डोळेच होते. मागचे पडदे काढ. बंपरवरची नळी काढ, आणि तिच्याबरोबर ते दोन दिवेहि. जुन्या फिआटच्या डायनामोला त्यांचें ओझें होतें, हें आबांनाहि शेवटीं शेवटीं कळलें होतें, कारण ते ते फारसे लावीतच नसत.

राहिली घुंगुरमाळ. ती ज्या बैलांच्या गळ्यांत होती, ते आजोबांचे बैल मीं पाहिलेले नाहींत. त्यांतले तेवढे पांच-सहा घुंगरू आबांनीं आपल्या गाडींत आणून टांगले. ते कधींहि काढूं नकोस. फक्त आरशाखालून काढून बाजूच्या दारापाशीं बांध, म्हणजे चालकाच्या नजरेसमोर ते झुलणार नाहींत.

हें सारें मीं त्याला पत्रानें कळविलें. परवां त्याचा निरोप आला. गाडीचा रेडिएटर उतरवून सोलापुरास पाठविला आहे. त्यांतून बादलीभर गाळ निघाला. पडदे काढले. नळी काढली. तिच्याखालीं आबांनीं पत्रा बांधावयास पाडलेलीं चार भोकें अजून तशींच आहेत, तीं बुजवूं का, असें त्यानें विचारलें आहे.

मीं कळविलें आहे, बुजवूं नको. तेथून वारा जाऊं दे.